काचेआडच्या बातम्या

(१२ ऑगस्ट, ग्रंथपाल दिनानिमित्त महाविद्यालयीन ग्रंथपाल व पदव्युत्तर विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदया, ग्रंथालय क्षेत्रातील सहकारी आणि विद्यार्थी मित्रहो,

निमंत्रणपत्रिकेवर माझ्या व्याख्यानाचा विषय ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन आणि विद्यापीठ ग्रंथालये’ असा छापला आहे; संशोधनाची ई-नियतकालिके देशभरच्या शासकीय संस्थांना एकाच वर्गणीत खुली करणारी ही केंद्राची योजना, आणि त्या विषयाकडे मी येणार आहेच. तथापि ज्याची उभी हयात विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेली, त्याच्या हाती आजच्या दिवशी ध्वनिक्षेपक दिला की तो आधी आपल्या मनातले बोलून घेतो, याची कल्पना संयोजकांना असावी. ग्रंथालयात नवे काय आले, कोणती सोय सुरू झाली, हे वाचकाला वेळेवर कळवणे ही स्वतंत्र सेवा आहे आणि आपल्याकडे नेमकी हीच सेवा सर्वांत हलगर्जीपणे दिली जाते, असे माझे जुने म्हणणे आहे. ग्रंथालयशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत तिला ‘प्रचलित जागरूकता सेवा’ असे भारदस्त नाव आहे. हे नाव ऐकून कोणी जागा होईल असे मला वाटत नाही.

कोणत्याही विद्यापीठ ग्रंथालयाच्या दारातला सूचनाफलक डोळ्यांसमोर आणा. पिशव्या आत आणू नयेत. भ्रमणध्वनी बंद ठेवावा. मुदतीनंतर पुस्तक परत केल्यास विलंब शुल्क आकारले जाईल. अमुक दिवशी ग्रंथालय बंद राहील. ‘ना देय’ प्रमाणपत्राशिवाय परीक्षेचा अर्ज स्वीकारला जाणार नाही. या सर्व सूचना आवश्यक आहेत आणि त्यांतल्या निम्म्या मीच लिहिलेल्या आहेत. परंतु बाहेरगावच्या माणसाने केवळ फलक वाचून मत बनवायचे ठरवले, तर ही इमारत पुस्तके वाचण्यासाठी बांधली आहे की पिशव्या ठेवण्यासाठी, असा प्रश्न त्याला पडेल. (हशा) आपण हसलात, म्हणजे आपल्याकडेही तोच फलक आहे.

आता माझ्या स्वतःच्या चुकीची हकिकत सांगतो. ती थोडी लांबेल, पण टाळता येणार नाही. ‘शोधगंगा’ या प्रबंधभांडारात विद्यापीठांचे पीएच. डी. प्रबंध पूर्ण स्वरूपात उपलब्ध होऊ लागले, त्या सुरुवातीच्या वर्षांतली ही गोष्ट आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनी प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत सादर करणे बंधनकारक केले आणि विद्यापीठ ग्रंथालयांना संगणकीय जाळ्याने जोडणाऱ्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने हे भांडार उभारले, हे आपण सर्व जाणता. त्याची सूचना आमच्या फलकावर मीच लावली. ‘विषय’, ‘संदर्भ’, त्याखाली ‘उपरोक्त विषयास अनुसरून सर्व संबंधितांस कळविण्यात येते की’, आणि त्यानंतर चौदा ओळींचे एकच वाक्य. व्याकरणाच्या दृष्टीने ते निर्दोष होते, याचा मला आजही अभिमान आहे.

आमच्या मराठी विभागात जात्यावरच्या ओव्यांवर काम करणारा एक विद्यार्थी होता. त्याला याच विषयावरचा, दुसऱ्या विद्यापीठात सादर झालेला एक जुना प्रबंध हवा होता. मार्गदर्शकांचे पत्र खिशात घालून तो रात्रीच्या एसटीने निघाला, सकाळी तिथे उतरला, ग्रंथालय उघडेपर्यंत पायरीवर बसला, मग परवानगीसाठी दोन खिडक्यांपुढे उभा राहिला; आणि शेवटी संदर्भ विभागातल्या बाईंनी त्याला विचारले, “अरे, हा शोधगंगेवर आहे की. तुमच्याकडे संगणक नाहीत का?” दुसऱ्या दिवशी तो माझ्या टेबलापाशी आला. भांडला नाही. जाण्यायेण्याची दोन तिकिटे त्याने माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाला, “सर, हे कुठे लिहिलं होतं?”

मी त्याला तावातावाने फलकापाशी घेऊन गेलो. फलकाला काच होती, काचेला कुलूप होते आणि माझ्या सूचनेवर उन्हाळी सुट्टीचे वेळापत्रक टाचलेले होते. बाहेर पाऊस पडत होता. वेळापत्रक काढायचे म्हटले तर किल्ली ज्या लिपिकाकडे होती ते रजेवर गेलेले. ते येईपर्यंत आठवडाभर आम्ही सगळे सुट्टीचे वेळापत्रक वाचत होतो. ग्रंथालयातली मौल्यवान हस्तलिखिते त्या काळी उघड्या मांडणीवर होती आणि कुलपात काय होते, तर बातमी. ती दोन तिकिटे मी निवृत्तीपर्यंत खणात जपून ठेवली.

या निमित्ताने भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांची आठवण काढणे, त्यांच्याच जयंतीचा ग्रंथपाल दिन असल्यामुळे, आज तरी चुकवता येणार नाही. गणिताचे हे प्राध्यापक १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि तिथल्या शांततेला इतके कंटाळले, की आपल्याला पुन्हा शिकवायला पाठवा, असे त्यांनी वरिष्ठांना विनवले. पुढे लंडनला जाऊन ते हे शास्त्र शिकले, परतले आणि १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे ग्रंथरूपाने मांडली. त्यांतले चौथे सूत्र, वाचकाचा वेळ वाचवा, आपण भाषणात नेहमी म्हणतो. मला मात्र तिसरे सूत्र अधिक अवघड वाटते: प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. दुसऱ्या सूत्रात वाचक ग्रंथाच्या शोधात असतो. तिसऱ्यात ग्रंथ वाचकाच्या शोधात निघतो, आणि ग्रंथाला पाय नसल्यामुळे ते चालणे ग्रंथपालाच्या वाट्याला येते. हान्स पीटर लुन या आयबीएममधल्या अभियंत्याने तर १९५८ मध्येच अशी यंत्रणा मांडली होती, की प्रत्येक वाचकाच्या आवडीच्या विषयांची नोंद ठेवावी आणि नव्या मजकुराशी ती जुळली की त्यालाच तेवढे कळवावे. आज भ्रमणध्वनीवरची दुकाने हेच करून आपल्याला चपला विकतात.

मुंबईकरांसाठी एक उपकथा. प्रेमचंद रायचंद यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये दिले आणि मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख. त्यांच्या आईचे नाव दिलेला राजाबाई टॉवर १८७८ साली पूर्ण झाला. आराखडा करणारे जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट मुंबईत कधी आलेच नाहीत, तो भाग वेगळा. मला त्यातला हिशेब आवडतो: जेवढे पुस्तकांच्या घरासाठी, तेवढेच घड्याळाच्या मनोऱ्यासाठी. वेळ कळण्यासाठी कोणाला आत येऊन फलक वाचावा लागला नाही. घड्याळाचे टोल रस्त्यावरून जाणाऱ्यालाही ऐकू गेले. आपल्या ग्रंथालयांना असा टोल हवा, एवढेच मी म्हणतो.

आम्ही तो कसा शोधला, हेही सांगतो. तिकिटांच्या प्रकरणानंतर नव्या ग्रंथांची आणि सोयींची बातमी तीन ओळींत लिहायची असा नियम केला: काय मिळेल, कुठे मिळेल, त्यासाठी काय करायचे. ती विभागांत लावून पाहिली, उपाहारगृहात लावून पाहिली. सर्वाधिक उपयोग झाला तो वसतिगृहाच्या मेसमध्ये, पोळीच्या रांगेशेजारच्या भिंतीवर. हातात ताट घेऊन उभ्या असलेल्या माणसाला दुसरे काही करता येत नाही, त्यामुळे तो वाचतो. अन्य ग्रंथालयातून पुस्तक मागवून देण्याची आंतरग्रंथालयीन सेवा आमच्याकडे कितीतरी वर्षे होती. मागणीचे अर्ज मात्र त्या भिंतीनंतर यायला लागले, आणि काहींवर आमटीचे डाग असत.

अध्यक्ष महोदयांची चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटे उरली आहेत, त्यामुळे छापील विषय आता धावत सांगतो.

केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेला मान्यता दिली. २०२५, २०२६ आणि २०२७ या तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपयांची तरतूद आहे. तीस प्रकाशकांची जवळपास १३,००० ई-नियतकालिके ६,३०० हून अधिक शासकीय उच्च शिक्षणसंस्थांना आणि केंद्रीय संशोधन संस्थांना खुली होतात. वर्गणीची बोलणी प्रत्येक विद्यापीठाने वेगळी करायची आणि लहान विद्यापीठाने परवडत नाही म्हणून नियतकालिक बंद करायचे, ही जुनी रीत त्यामुळे बरीचशी थांबेल. समन्वयाचे काम इन्फ्लिबनेटकडेच आहे. ज्या खासगी महाविद्यालयांना याचा लाभ नाही, त्यांनी महाविद्यालयांना ई-पुस्तके व ई-नियतकालिके पुरवणाऱ्या ‘एन-लिस्ट’ योजनेचे सभासदत्व तपासावे, अनेकांनी शुल्क भरलेले असते आणि विद्यार्थ्यांची खाती उघडायची राहिलेली असतात.

लाभार्थी विद्यार्थी, अध्यापक आणि संशोधक मिळून सुमारे १.८ कोटी सांगितले जातात. वर्षाला २,००० कोटी भागिले १.८ कोटी, म्हणजे माणशी साधारण अकराशे रुपये. ज्याने एकही लेख उघडला नाही त्याच्याही नावावर हे अकराशे खर्ची पडतात. कराराच्या अटींवर, परदेशी प्रकाशकांच्या किमतींवर, लेख सर्वांना विनामूल्य वाचू देण्याच्या, म्हणजे मुक्त प्रवेशाच्या, पर्यायावर वाद घालण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्याचे टिपण मी आणले होते. ते संयोजकांकडे देऊन जातो.

विद्यार्थ्यांना एवढेच सांगतो: परिसराच्या बाहेरून, घरून वाचायचे असेल तर संस्थेमार्फत वेगळी प्रवेशखूण, म्हणजे लॉगिन, घ्यावी लागते. ती मिळते की नाही, कोणाकडून मिळते, हे आपापल्या ग्रंथपालांना आजच विचारा. ते सगळे याच सभागृहात बसले आहेत आणि जेवणाची रांग एकच आहे.