किलोभर मध

टक. टक. टक.

हा मेट्रोनोम. रियाजात लय धरायला ठेवतात, तोच. आज तो पाच वाजता सुरू झालाय आणि मध्यरात्रीपर्यंत थांबणार नाही.

न्यूयॉर्क, गुगनहाइम संग्रहालय, नोव्हेंबर २००५. मधोमध मंच. वर गोल गोल चढत गेलेले कठडे, त्यांना टेकून खाली बघणारी माणसं. टेबलाशी विवस्त्र बसलीय मरीना अब्रामोविच, वय ५८. स्वतःच्या शरीरालाच माध्यम करणारी परफॉर्मन्स कलावंत. समोर मध आणि रेड वाईन.

कलाकृतीचं नाव 'लिप्स ऑफ थॉमस'. पहिल्यांदा ती झाली १९७५ साली, ऑस्ट्रियात, इन्सब्रुकच्या क्रिन्झिंगर गॅलरीत. या कलाकृतीबद्दल बोलायचं झालं की सगळे रक्ताचंच बोलतात. आपण जरा मधापाशी थांबू.

चमचा बघा. सावकाश आत जातो, तार ओढत वर येतो. आपल्याकडे मध चाटवायचा तो बोटभर, पंचामृतात घालायचा तो चमचाभर. इन्सब्रुकमध्ये मरीनानं अख्खा किलो खाल्ला, चांदीच्या चमच्यानं, आणि वर लिटरभर वाईन. इतक्या मधाची गोडी कुठली उरायला? घसा धरतो, पुढचा घास नकोसा होतो. शिक्षा इथेच सुरू झालेली असते. ब्लेडला तर अजून हातही लागलेला नसतो.

मरीना बेलग्रेडची. आजी देवभोळी, ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती. त्यांच्या चर्चमध्ये वाईनमध्ये भिजवलेला पाव पाद्री चमच्यानंच भक्तांच्या तोंडात घालतो. आई-वडील मात्र दुसऱ्या महायुद्धात युगोस्लाव्ह नेता टिटोच्या पार्टिझान म्हणजे गनिमी फौजेत लढलेले, पक्के कम्युनिस्ट. एकीकडे क्रूस, एकीकडे लाल तारा, आणि मधे ही पोर.

आता तारा येतो तो पोटावर. पाच टोकांचा. ब्लेडनं, एकेक रेघ.

मग चाबूक. पोतराजाचा कोरडा ऐकलेल्या कानांना हा आवाज नवा नाही. फरक एवढाच, की पोतराजाला अजून पुढचं दार गाठायचं असतं.

मग बर्फाच्या लाद्यांचा क्रूस. वर टांगलेला हीटर नेमका पोटावर रोखलेला. पाठ गोठते, आणि वरच्या उबेनं जखम वाहती राहते. इन्सब्रुकमध्ये अर्ध्या तासानं प्रेक्षकांनाच राहवलं नाही. त्यांनी तिच्या खालच्या लाद्या काढल्या, खेळ संपला. त्याच वर्षी ॲमस्टरडॅममध्ये तिला जर्मन कलावंत उलाय भेटला आणि पुढची बारा वर्षं दोघांनी जोडीनं काम केलं. ती गोष्ट वेगळी.

गुगनहाइममध्ये लाद्या काढायला कुणी येत नाही. ती आपली आपण उठते. डोक्यावर फौजी टोपी, टोपीवर लाल तारा. पायात बूट. १९८८ साली चीनच्या भिंतीवरून चालत जाऊन तिनं उलायचा निरोप घेतला, तेव्हाचे. एक स्लाव गाणं लागतं. इथे आम्ही बोलत नाही.

(गाणं संपेपर्यंत निवेदन नाही.)

टोपी उतरते. बूट निघतात. ती पुन्हा टेबलाशी येऊन बसते आणि चमचा उचलते.

टक. टक.