खड्डा बुजवणारा माणूस

आमच्या गावात एक पायाळू गडी होता. पायाळू म्हणजे काय हे इथल्या निम्म्या मंडळींना तरी सांगावं लागणार नाही. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले, त्याच्या डोळ्यांत अंजन घातलं की जमिनीतलं धन दिसतं, अशी समजूत. एका अमावास्येला चौघांनी त्याला पडक्या वाड्यात नेलं. रात्रभर खणून हाती काय लागलं, तर फुटकी घागर आणि दोन विंचू. घागर उकिरड्यावर गेली. ती कुठल्या काळची, तिथे कशी आली, हे विचारायचं कुणाच्या मनातही आलं नाही. आज मला बोलायचंय ते त्या घागरीबद्दल.

हसण्यावारी नेण्याजोगं हे वेड नाही बरं का. आपल्याकडे २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्यात मौल्यवान वस्तूंच्या शोधापायी होणाऱ्या अघोरी प्रकारांचा वेगळा उल्लेख करावा लागला. आता अंजनाची जागा धातू शोधणाऱ्या यंत्राने, मेटल डिटेक्टरने, घेतली आहे, इतकंच.

यंत्र तसं साधं. काठीच्या टोकाला थाळीएवढं कडं, आत तांब्याच्या तारेची वेटोळी. एका वेटोळ्यातून सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारी वीज खेळवायची. तिचं चुंबकीय क्षेत्र जमिनीत उतरतं, वाटेत धातू असला तर त्याच्या अंगात बारीक विद्युतप्रवाहांचे भोवरे उठतात, आणि त्या भोवऱ्यांची चाहूल दुसरं वेटोळं घेतं. चांदी, तांबं, लोखंड यांची चाहूल वेगवेगळी, म्हणून कानातला सूरही वेगळा. नाण्याएवढी वस्तू साधारण वीतभर खोलीपर्यंत कळते. त्याखाली यंत्र बहिरं. शिवाय आपली माती बेसॉल्टची. तिच्यात लोहखनिजाचे कण इतके असतात की जमिनीत काही नसतानाही यंत्र बडबडत राहतं. त्यातून काळी जमीन उन्हाळ्यात हातभर भेगाळते. वरची वस्तू भेगेतून खाली जाते, पावसात भेग मिटते. बियाणं पेरावं तशी ही जमीन नाणी गिळते.

माझा भाचा इंग्लंडमध्ये लेस्टरजवळ असतो. त्याच्या शेजाऱ्याला हा छंद. मी गेलो होतो तेव्हा कापणी झालेल्या गव्हाच्या रानात त्याने मला बरोबर नेलं, अर्थात शेतमालकाला विचारून. चार तास आम्ही त्या धसकटांतून चालत होतो. मिळकत सांगतो: काडतुसांची बुडं, कोटाची बटणं, एक नाल, थंड पेयांच्या डब्यांच्या कड्या आणि पाचव्या जॉर्जची एक पेनी. डब्याची कडी आणि सोन्याची पातळ अंगठी या यंत्राला जवळजवळ सारख्याच ऐकू येतात, त्यामुळे दर कडीला काळीज लककन हलतं. पाठ मोडून आली. पण एक गोष्ट मी पाहिली. प्रत्येक वस्तू कुठे निघाली याची तो माणूस वहीत नोंद करत होता. बटणाचीसुद्धा!

इंग्लंडमधल्याच सॉमरसेट परगण्यात, फ्रोम गावाजवळ २०१० च्या एप्रिलमध्ये जे घडलं, ते मला या साऱ्या विषयाचं मर्म वाटतं. रुग्णालयाच्या मुदपाकखान्यात काम करणारे एक गृहस्थ शेतात यंत्र फिरवत होते. सूर आला, खणलं, चिखलात एक लहानसं रोमन नाणं. मग आणखी काही, आणि मग मडक्याचा काठ. आता आपण स्वतःला तिथे उभं करून बघू. समोर हंडा, आसपास चिटपाखरू नाही, हातात कुदळ. त्या माणसाने काय करावं? खड्डा बुजवला आणि पुरातत्त्व अधिकाऱ्याला कळवलं.

पुढचे तीन दिवस तज्ज्ञांनी ते मडकं जागेवरच, थराथराने रिकामं केलं. प्रत्येक थराची नाणी वेगळ्या पिशवीत, पिशवीवर क्रमांक. एकूण नाणी भरली ५२,५०३. वजन १६० किलो. सगळी तिसऱ्या शतकातली. त्यात सातशेहून जास्त कॅरॉशियसची. हा रोमशी फटकून ब्रिटनमध्ये स्वतःच सम्राट होऊन बसलेला सेनानी, इ. स. २८६ ते २९३ या काळातला.

त्या पिशव्यांमुळे काय झालं बघा. कॅरॉशियसची नाणी मडक्यात सगळ्यांत नवी. कुणी वर्षानुवर्षं थोडी थोडी शिल्लक टाकत गेला असता, तर नवी नाणी वर असती. पण त्यातली बहुतेक निघाली मडक्याच्या निम्म्याहून खाली. म्हणजे मडकं एकाच वेळी भरलेलं. आणि एवढ्या वजनाने ते पातळ मडकं उचलताना फुटलंच असतं, म्हणजे आधी मडकं पुरलं आणि मग त्यात नाणी ओतली. परत काढायचं धन असं कोण ठेवतं? म्हणून काही अभ्यासकांना वाटतं की हा लपवलेला पैसा नसून एखाद्या वस्तीने देवाला वाहिलेला असावा. त्या गृहस्थांनी मूठमूठ नाणी उपसून घरी नेली असती, तर नाणी हीच राहिली असती, तेवढीच, त्याच किमतीची. फक्त हा प्रश्न कुणाला पडला नसता.

उलटा नमुनाही तिथलाच आहे. २०१५ साली हेरफर्डशरमध्ये दोघांना व्हायकिंग काळातला साठा सापडला. त्यांनी तो कळवला नाही, गुपचूप विकायला काढला. अंदाजे तीनशे नाण्यांपैकी तीसेक हाती आली, दोघे तुरुंगात गेले. सापडलेल्यांत काही नाण्यांवर दोन राजे शेजारी शेजारी बसलेले आहेत: वेसेक्सचा आल्फ्रेड आणि मर्सियाचा केओलवुल्फ. वेसेक्स आणि मर्सिया ही तेव्हाच्या इंग्लंडमधली दोन राज्यं. आल्फ्रेडच्या बाजूच्या बखरीने या केओलवुल्फला मूर्ख ठरवून बाजूला सारलं होतं. नाणी सांगतात की हे दोघे बरोबरीचे मित्रराजे होते. जिंकणाऱ्याच्या बखरीवर किती विसंबायचं हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पण उरलेल्या अडीचशेहून जास्त नाण्यांवर काय होतं, ते गेलं.

आपल्याकडचा असा साठा म्हणजे नाशिक जिल्ह्यातलं जोगलटेंभी. साल १९०६. तेव्हा यंत्र कुठलं? पण तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी एकत्र हाती आली आणि एकत्र अभ्यासली गेली. सगळी नहपानाची, म्हणजे क्षहरात या शक घराण्यातल्या राजाची. त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारलेला. एका बाजूला चैत्य, म्हणजे कमानींची टेकडी, दुसरीकडे उज्जैन चिन्ह, म्हणजे अधिक चिन्हाच्या टोकांना चार वर्तुळं, आणि खालून नहपानाचं नाक डोकावतंय! नाशिकच्याच पांडवलेण्यांत गौतमीपुत्राच्या आईचा, गौतमी बलश्रीचा लेख आहे. तिचा मुलगा क्षहरातांचा वंश निःशेष करणारा, असं ती त्यात म्हणते. आईने मुलाचं कौतुक केलं की आपण थोडं कमी करून ऐकतो. इथे हंड्याने आईच्या बाजूने साक्ष दिली. हीच नाणी सुटी सुटी सराफाकडे मुशीत गेली असती तर? किती तरी हंडे तसेच गेले आहेत.

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण नंतर सगळे तेच विचारतात. इंग्रजांचा १८७८ चा गुप्तधनाचा कायदा अजून चालू आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं पुरलेलं काही सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवायचं. मालक कुणी निघाला नाही तर सापडणाऱ्याचा आणि जमीनमालकाचा वाटा त्यात आहे. सरकारने ते ठेवून घेतलं तर धातूच्या किमतीवर एक पंचमांश जास्त द्यायचे. दडवलं तर वाटा गेला, वर कैदही होऊ शकते. संरक्षित किल्ल्यावर खणणं हा तर वेगळाच गुन्हा. दहा रुपये ही रक्कम आज हास्यास्पद आहे, मान्य. आणि कळवलं की चौकशीचा ससेमिरा लागतो ही लोकांची भीतीही खोटी नाही. इंग्लंडमध्ये लोक कळवतात त्याचं कारण त्यांचं शील आपल्याहून थोर आहे असं नाही. कळवल्यावर तिथे माणसाला बाजारभावाने बक्षीस मिळतं आणि संग्रहालयवाले चहा पाजतात.

आपल्याकडे काय होतं? २०२५ च्या मार्चमध्ये, एका हिंदी चित्रपटात मोगलांचा खजिना दिसल्यावर, बुऱ्हाणपूरजवळ असीरगडच्या शेतांत रात्री माणसं उतरली. विजेऱ्या, कुदळी, आणि हो, मेटल डिटेक्टरसुद्धा. इतक्या माणसांनी खणलं, पण वही एकाच्याही हातात नसणार.

मघाशी चहाच्या वेळी एका ताईंनी रुमालातून एक शिवराई, म्हणजे मराठेशाहीतलं तांब्याचं नाणं, दाखवली. बांध घालताना सापडलेली. चिंच लावून लख्ख घासली आहे त्यांनी, देवघरातल्या तांब्यासारखी. अक्षरं निम्मी गेली. मी काही बोललो नाही. बांध कुठला, तेवढं विचारलं. तर त्यांनी गट क्रमांक सांगितला, आंब्यापासून किती पावलं तेही सांगितलं, आणि म्हणाल्या, तिथे खापरंही निघतात, बघायला येता का? रविवारी जातोय.