गोराई: खाडीपलीकडचं गाव

[दृश्य: फेरीबोट, गोराई खाडी]

बोरिवलीच्या इमारती मागे राहतात, तिवरं जवळ येतात. समोर गोराई. गाव मुंबई महापालिकेच्या हद्दीत आहे, पण गाडी घेऊन यायचं तर भाईंदर-उत्तनचा वळसा घ्यावा लागतो. डावी-उजवीकडे कुठेही बघा, 2009 मध्ये खुल्या झालेल्या विपश्यना पॅगोडाचा, म्हणजे ध्यानमंदिराचा, सोनेरी घुमट दिसतोच. गाव त्याहून कितीतरी जुनं आहे.

[दृश्य: चर्च, क्रूस, जुनी कौलारू घरं]

हे होली मॅजाय चर्च, बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या तीन राजांचं. 1534 मध्ये गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसईचा मुलूख पोर्तुगीजांना दिला आणि साष्टी बेटाबरोबर हा किनाराही गेला. त्या राजवटीत इथल्या अनेक कोळी, भंडारी आणि शेतकरी घरांनी ख्रिस्ती धर्म घेतला. 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली, 1774 मध्ये इंग्रजांनी साष्टी घेतली. घरातली बोली मात्र मराठीच राहिली. 1887 मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, याच समाजाने ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलं. आजही लग्नाआधी बाया वाजतगाजत विहिरीवर जातात, उंबराचं पाणी आणायला.

[दृश्य: किनारा, होड्या, वलांड्या (बोंबील वाळवायचे बांबूचे मांडव)]

आता हे नीट बघा. डोल जाळं समुद्रात रोवून ठेवलेलं असतं. भरती-ओहोटीचा ओढाच मासळी त्याच्या निमुळत्या पिशवीत लोटतो. उधाणाच्या दिवसांत ओढ जास्त, म्हणून जाळंही जड. होडी लागली की पाट्या उतरतात आणि पुढचं सगळं काम बायकांच्या हातात येतं. आधी निवडणं: बोंबील वेगळे, करंदी वेगळी, जवळा वेगळा. मग दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. मीठ लागत नाही. लागतं ऊन, वारा आणि मोकळी जागा. बोंबलाच्या अंगात पाणीच फार. थंडीत सकाळचा मतलई वारा सुटला की दोन-चार दिवसांत तो काडीसारखा वाळतो. ढग आले तर केलेली मेहनत कुजते. या बोटांचा वेग बघा. वर्षानुवर्षांचा सराव आहे हा, आणि त्याला कुठली पदवी मिळत नाही.

[दृश्य: ताडाची झाडं, स्वयंपाकघर]

ताडी काढणं हा भंडाऱ्यांचा जुना धंदा. ख्रिस्ती घरांतले फुगे, म्हणजे तळलेले गोल पाव, याच ताडीने फुगायचे. हिंदू भंडाऱ्याच्या झाडाशिवाय नाताळचा घाणा तळला जात नसे, शेजार इतका घट्ट होता.

[दृश्य: आदिवासी पाडा, हंडे]

गावठाणाबाहेर वारली पाडे आहेत. पाण्यासाठी ते वर्षानुवर्षं झगडत आले आहेत.

[दृश्य: पुन्हा वलांड्या, मागे घुमट]

विशेष मनोरंजन क्षेत्राचा प्रस्ताव आला तेव्हा गाव एकजुटीने विरोधात उभं राहिलं. मासळी घटली, तरुण शहरात नोकरीला जाऊ लागले. 2011 च्या किनारा नियमन अधिसूचनेत मुंबईच्या कोळीवाड्यांचा वेगळा उल्लेख आला. पण कोळीवाड्याची सीमा फक्त घरांभोवती आखून भागत नाही. बोंबील वाळतात ती ही वाळू, जाळी विणतात ते अंगण, होड्या ओढून ठेवतात तो उतार, हे सगळं कोळीवाड्यातच येतं. सीमांकनाच्या नकाशात या जागा गावाच्या वहिवाटीच्या म्हणून नोंदल्या गेल्या पाहिजेत, आणि ती मोजणी या बायकांना सोबत घेऊनच झाली पाहिजे.