शेवट आधीच लिहिलेली साक्ष

(दृश्य: रिकामं चर्च, एक माइक, त्यावर पडलेला सकाळचा उजेड)

‘साक्ष देणे’ हे शब्द मराठी ख्रिस्ती मंडळींच्या रोजच्या बोलण्यातले. उपासनेत कुणी उठतं, माइक हातात घेतं आणि सांगतं: मी दारूत बुडालो होतो, प्रभूने मला सोडवलं. मंडळी ‘आमेन’ म्हणते. ऐकणाऱ्याला धीर येतो. त्यात वावगं काहीच नाही.

आपण ज्या साक्षींबद्दल बोलणार आहोत, त्या अमेरिकेत पुस्तकांमधून छापल्या गेल्या. ‘मी समलिंगी होतो, आता बरा झालो,’ अशा या साक्षी. सांगणारा बरा झालाय की नाही, हे पडताळायला कुणी थांबलं नाही.

(दृश्य: टेप रेकॉर्डर, फिरणारी कॅसेट)

साल 1973. कॅलिफोर्नियातलं सॅन रफाएल. फ्रँक वर्दन नावाच्या माणसाने बर्कलीच्या एका साप्ताहिकात जाहिरात दिली. समलैंगिकतेतून बाहेर पडायचंय? माझी कॅसेट मागवा. लोक मागवू लागले. त्यातून ‘लव्ह इन ॲक्शन’ ही संस्था उभी राहिली. संस्थेच्या तीन संस्थापकांपैकी एक, पाळक केंट फिलपॉट, यांनी 1975 साली या अनुभवांवर पुस्तक काढलं. संस्था दोन वर्षांची आणि पुस्तक बाजारात! दुसरा संस्थापक जॉन इव्हान्स. त्याच्या जिवलग मित्राने प्रयत्न करूनही आपण बदलत नाही म्हणून आत्महत्या केली, आणि इव्हान्स या कामातून कायमचा बाहेर पडला.

त्याच 1973 च्या डिसेंबरात अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकतेला आजारांच्या यादीतून वगळलं. त्यासाठी झटलेल्या डॉक्टरांचं नाव रॉबर्ट स्पिट्झर. हे नाव पुढे परत येणार आहे.

1976 मध्ये आनाहाइमला अशा संस्था एकत्र आल्या आणि ‘एक्झोडस’ स्थापन झाली. एक्झोडस म्हणजे बायबलमधला निर्गम, गुलामगिरीतून सुटका. संस्थापकांपैकी मायकल बसी आणि त्याच्याबरोबर काम करणारा गॅरी कूपर गावोगावी जाऊन साक्ष देत. असेच एकदा विमानाने भाषणाला निघाले असताना दोघांनी मनातलं कबूल केलं: आपलं एकमेकांवर प्रेम आहे. 1979 मध्ये त्यांनी संस्था सोडली. 1982 मध्ये एकमेकांना वचन देऊन सोबत राहिले, 1991 मध्ये कूपर वारला तोपर्यंत. संस्था मात्र वाढत गेली.

(दृश्य: पुस्तकांचं कपाट, पानांवर पेन्सिलीच्या खुणा)

कारण आता तिच्या हाती सिद्धान्त आला होता. 1983 मध्ये ब्रिटिश अभ्यासक एलिझाबेथ मोबर्ली यांनी मांडलं, की मुलाला वडिलांचं किंवा मुलीला आईचं प्रेम नीट मिळालं नाही की समलिंगी ओढ तयार होते. जखम भरली की ओढही जाईल. जोसेफ निकोलोसी या मानसशास्त्रज्ञाने 1991 च्या आपल्या पुस्तकात याच धाग्यावर उपचारपद्धत उभी केली.

जरा विचार करा, ही पुस्तकं कोण वाचत होतं? मध्यरात्री स्वयंपाकघरात बसलेला बाप. माझं कुठे चुकलं, हे पानापानांत शोधणारी आई. आणि त्यांचा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा, ज्याला कळून चुकलंय की आपण प्रार्थनेत कमी पडतोय. दुखणं नव्हतंच. पुस्तकाने ते दिलं आणि वर दोषही घरच्यांच्या माथी मारला. याचा मला मनापासून संताप येतो. ‘तुझ्या विश्वासाने तुला बरे केले आहे’, हे येशूचं वाक्य मराठी बायबलमध्ये किती मायेने येतं! तेच वाक्य उलटं फिरवलं की मुलाला ऐकू येतं: तू बरा झाला नाहीस, म्हणजे तुझा विश्वासच नाही.

1998 च्या उन्हाळ्यात ‘आम्ही बदललो’ असं सांगणाऱ्या पानभर जाहिराती अमेरिकेतल्या मोठ्या वर्तमानपत्रांत झळकल्या. अशीच साक्ष देणारे जॉन पॉक आणि त्याची पत्नी ‘न्यूजवीक’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर आले. दोन वर्षांनी पॉक वॉशिंग्टनच्या एका गे बारमध्ये दिसला. 2013 मध्ये त्याने जाहीर माफी मागितली.

आणि स्पिट्झर? 2001 मध्ये त्यांनीच सांगितलं की काही लोक बदलू शकतात. आधार काय, तर 200 जणांच्या फोनवरच्या मुलाखती. बदलल्याचा दावा करणाऱ्यांनाच विचारायचं, आणि त्यांचं सांगणं खरं मानायचं. हा अभ्यास पुस्तकांत, भाषणांत, कायद्याच्या वादांत ढालीसारखा वापरला गेला. 2012 मध्ये, ऐंशीला टेकलेले, पार्किन्सन्सने थरथरणारे स्पिट्झर पहाटेच्या अंधारात उठून संगणकापाशी गेले आणि समलिंगी समाजाची माफी मागणारं पत्र लिहिलं. चूक कबूल करायला त्या वयात उठणारा माणूस मला मोठा वाटतो. पण ढाल तोवर अकरा वर्षं वापरून झाली होती.

आपल्याकडे 2021 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने लैंगिक कल ‘बरा’ करण्याच्या वैद्यकीय प्रयत्नांना मनाई केली. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने हा व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार ठरवला. तो महाराष्ट्रातल्या, गोव्यातल्या डॉक्टरांनाही लागू आहे. पण प्रार्थनेच्या खोलीत बसणारा समुपदेशक डॉक्टर नसतो.

2019 मध्ये ॲमेझॉनने निकोलोसी यांची पुस्तकं विक्रीतून काढली. विचारस्वातंत्र्यावर घाला आला, अशी ओरड झाली. पुस्तकं हटवून प्रश्न सुटतो असं मलाही वाटत नाही. ती वाचावीत, पण साक्ष देणाऱ्यांचं पुढे काय झालं तेही शेजारी ठेवून.

(दृश्य: अर्धवर्तुळात मांडलेल्या खुर्च्या)

19 जून 2013. आनाहाइमपासून जवळच अर्व्हाइन. एक्झोडसचे अध्यक्ष ॲलन चेंबर्स यांनी माफी मागितली आणि 37 वर्षांची संस्था बंद करत असल्याचं जाहीर केलं. विवाहाबद्दलच्या आपल्या बायबलनिष्ठ श्रद्धेसाठी मात्र माफी मागणार नाही, हेही त्यांनी सांगितलं. त्याआधी ते लॉस एंजेलिसमधल्या एका चर्चच्या तळघरात या उपचारांतून गेलेल्या लोकांसमोर बसले होते. त्या लोकांत मायकल बसीही होता. पहिल्या दिवसांतला संस्थापक आणि शेवटचा अध्यक्ष एकाच खोलीत. एकेक जण बोलत होता. चेंबर्स ऐकत होते.