ब्रेस्ट स्टेशनवरची मैफल

श्रोतेहो, नमस्कार. आज ज्यांच्याविषयी बोलणार आहे ते एका अर्थी आमच्याच बिरादरीतले. एस्टोनियाचे संगीतकार आर्वो पॅर्ट. हयात संगीतकारांपैकी ज्यांच्या रचना जगभर सर्वाधिक वाजतात, त्यांत यांचं नाव वर्षानुवर्षं आघाडीवर राहिलंय. पण तरुणपणी त्यांनी पोटासाठी काय केलं? राजधानी टालिनच्या रेडिओवर ध्वनिमुद्रण. तेही जवळजवळ 10 वर्षं. म्हणून म्हटलं, आमच्यातले.

जन्म 1935चा, बालपण राकवेरे नावाच्या लहानशा गावात. गावच्या चौकात कर्णे लावलेले, त्यांतून रेडिओ ऐकू यायचा. हा मुलगा सायकल घेऊन यायचा आणि वाद्यवृंदाचा कार्यक्रम चालू असेपर्यंत चौकाला फेऱ्या मारत राहायचा. घरी पियानो होता, पण त्याचा मधला भाग बिघडलेला. त्यामुळे बोटं जायची ती एकदम वरच्या नाहीतर एकदम खालच्या स्वरांकडे. आणि आजचे आईबाप! मुलाला क्लासला घालायच्या आधी महागातलं महाग वाद्य घरात हजर. सहा महिन्यांनी त्यावर इस्त्रीचे कपडे. असो.

पुढचं भराभर सांगतो. टालिनला हाइनो एलर यांच्याकडे शिक्षण झालं. राजवट सोव्हिएत. 1968 साली ‘क्रेडो’ ही रचना सादर झाली आणि तिच्यात येशू ख्रिस्तावरची श्रद्धा उघड उघड गाऊन सांगितलेली. वरच्यांचं पित्त खवळलं, रचना गुंडाळली गेली. त्यानंतर पॅर्ट सुमारे 8 वर्षं जवळजवळ गप्प. चर्चमधलं जुनं, सगळ्यांनी एकाच सुरावटीत म्हणायचं गायन अभ्यासायचं आणि वह्या भरायच्या, एवढंच. 1976 साली पियानोसाठी एक छोटीशी चीज बाहेर आली, ‘फ्युर आलिना’. तिथून त्यांची स्वतःची शैली सुरू झाली. तिचं नाव टिंटिनाब्युली, लॅटिनमधल्या छोट्या घंटेवरून घेतलेलं.

शैली काय आहे? दोन आवाज. एक सप्तकाच्या पायऱ्या चढतो-उतरतो. दुसरा तीनच स्वरांपाशी घुटमळतो. पुन्हा सांगतो: एक चालतो, दुसरा तीन स्वरांत राहतो. पॅर्ट यांच्या पत्नी नोरा याचं गणित मांडतात, एक अधिक एक बरोबर एक. याहून जास्त मी सांगणार नाही, कारण मला गोष्ट सांगायची घाई झालीय.

जानेवारी 1980. पॅर्ट, नोरा आणि दोन लहान मुलगे देश सोडून निघालेत. निघालेत म्हणजे, तुम्ही गेलात तर बरं, असं वरूनच सुचवलं गेलंय. गाडी ब्रेस्टला पोचते. ब्रेस्ट म्हणजे सोव्हिएत हद्दीतलं शेवटचं मोठं स्टेशन. पलीकडे पोलंड. इथे रुळांची रुंदीसुद्धा बदलते, डब्यांची चाकं बदलून मगच गाडी पुढे जाते. आणि इथेच सामानाची झडती.

सामान किती? सात बॅगा. सात! चार माणसांचा संसार असा किती असणार त्यात? बॅगांत स्वरलिपीचे कागद, तबकड्या आणि टेपा. शिपाई बघत राहिले. यात काय भरलंय? संगीत. बरं, मग ऐकवा.

आता बघा, एवढं मोठं स्टेशन आणि यांच्याशिवाय तिथे कोणी नाही. रेकॉर्ड प्लेअर पॅर्ट यांनी बरोबर घेतलेलाच होता. तो काढला आणि तबकडी लावली. रचना कुठली, तर ‘कँटस’. इंग्रज संगीतकार बेंजामिन ब्रिटन 1976च्या डिसेंबरात वारले, त्यांच्या स्मरणार्थ पॅर्ट यांनी ती केली होती. तिच्यात फक्त तंतुवाद्यं आणि एक घंटा. आधी घंटेचे तीन टोल. मग सगळी तंतुवाद्यं एकच अवरोही स्वरावली घेऊन उतरू लागतात, पण प्रत्येक जण आपापल्या गतीनं. पहिला घाईत, दुसरा त्याच्या निम्म्या वेगानं, तिसरा त्याच्याही निम्म्या. जणू एकाच जिन्यावरून नातू, बाप आणि आजोबा उतरताहेत.

आणि हे सगळं कुठे, तर पोलिसी झडतीत! पुढे पॅर्ट यांनीच एका मुलाखतीत सांगितलं की ते एखाद्या प्रार्थनेसारखं वाटलं. कँटस संपलं, तर त्या मंडळींनी दुसरी तबकडी लावली. ‘मिसा सिलाबिका’. म्हणजे चर्चची प्रार्थनाच की! ज्यासाठी माणसाला देशाबाहेर काढलं तेच. आणि शिपाई कसे वागले? प्रेमानं. सोव्हिएत संघाच्या इतिहासात पोलीस प्रेमानं वागल्याची ही पहिलीच वेळ असावी, असं पॅर्ट गमतीनं म्हणतात. मला या गोष्टीत सर्वांत आवडतो तो रेकॉर्ड प्लेअर. सातच बॅगा न्यायच्या असताना माणूस तोही बरोबर घेतो!

गाडी सुटली. आधी व्हिएन्ना, वर्षभरानं बर्लिन. 1984 साली ‘टाबुला रासा’ हा ध्वनिमुद्रणांचा संच निघाला आणि नाव जगभर झालं. पुढे ते एस्टोनियाला परतले. समुद्राकाठी लाउलास्मा इथे 2018 साली त्यांच्या नावाचं केंद्र उघडलं आणि त्या वह्या आता तिथे आहेत.

आता तेच कँटस ऐकवतो. साधारण सहा-सात मिनिटांचं आहे. शेवटाकडे तंतुवाद्यांचा आवाज चांगलाच वाढलेला असेल आणि एकदम थांबेल. रेडिओ बंद पडला असं समजून उठू नका. त्या गलक्यात हळूच एक टोल पडलेला असतो, तो मागे उरतो. आमच्या तंत्रज्ञांना बजावून ठेवलंय, तो पूर्ण विरेपर्यंत जाहिरातीला हात लावायचा नाही.