पॉवर प्रेस, बोटं आणि कायदा

[दृश्य: पत्र्याची शेड. रांगेनं उभ्या पॉवर प्रेस. मशीनचा ठोका.]

चाकण, भोसरी, वाळूज, सातपूर. गाड्यांना लागणारे ब्रॅकेट, क्लॅम्प, वॉशर अशाच शेडमध्ये तयार होतात. पत्र्याची पट्टी डायवर, म्हणजे साच्यावर, ठेवायची, पायडल दाबायचं, रॅम, म्हणजे वरचा जड ठोकळा, खाली येतो, जॉब, म्हणजे तयार तुकडा, सुटतो. पुन्हा पट्टी. शिफ्टभर हेच. आणि एखाद्या वेळी हात बाहेर यायच्या आत रॅम खाली येतो.

मग हमखास ऐकू येणारं कारण म्हणजे कामगाराचा हलगर्जीपणा. ते खरं आहे का, हे मशीनकडे बघूनच ठरवू.

[दृश्य: फ्लायव्हील आणि क्लच, जवळून.]

जुन्या प्रेसला की-क्लच असतो, म्हणजे फिरतं चाक रॅमला जोडणारी लोखंडी चावी. पायडल दाबलं की चावी अडकते आणि रॅमचा पूर्ण फेरा होतोच, मधे थांबवायची सोय नाही. चावी किंवा स्प्रिंग झिजली, की पायडलवर पाय नसतानाही रॅम दुसऱ्यांदा खाली येऊ शकतो. नेमका त्या वेळी माणूस जॉब काढत असतो. अशा मशीनला नुसता सेन्सर लावून उपयोग नाही, कारण सेन्सरनं हात ओळखला तरी रॅम थांबणार कसा? तिथे डायभोवती पक्की जाळीच हवी. पट्टी आत जाईल, बोट जाणार नाही, एवढीच फट. रॅम मधेच थांबवू शकणारा एअर क्लच आणि ब्रेक असलेल्या प्रेसला मात्र लाइट कर्टन, म्हणजे हात आडवा आला की मशीन थांबवणारा प्रकाशकिरणांचा पडदा, लावता येतो, दोन्ही हातांनी दाबायची बटणं देता येतात. सगळ्या गोष्टी बाजारात मिळतात. त्या बसवल्या, की जॉब काढायला थोडा जास्त वेळ लागतो. खरा अडसर तिथे आहे.

कायद्याला हे फार आधी कळलं होतं. १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्यातही धोकादायक यंत्राला कुंपण घालायची तरतूद होती. १९४८ च्या कारखाने अधिनियमात कलम २१ आलं: मशीनचे धोकादायक भाग पक्के झाकलेले असावेत आणि मशीन चालू असताना ते झाकण जागेवरच असावं. जबाबदारी मालकावर. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता लागू झाली. कामाची जागा धोक्यापासून मुक्त ठेवणं हे मालकाचं पहिलं कर्तव्य, असं तीही सांगते. मालकानं कर्तव्यात कसूर केली आणि त्यामुळे कामगाराचा जीव गेला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान पाच लाख दंड, किंवा दोन्ही. दंडातली किमान निम्मी रक्कम वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकतं.

[दृश्य: मुंबईतल्या जुन्या गिरण्यांची छायाचित्रं.]

१८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईतल्या साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार केलं. रविवारची सुट्टी त्यात होती, ती सगळ्यांना आठवते. पण कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि कायमचं अपंगत्व आलं तर त्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी, ही मागणीही त्याच कागदात होती.

भरपाईचा कायदा यायला १९२३ उजाडलं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेनं घेतली, पण या तरतुदी तिथेही आहेत. त्याची अनुसूची एकदा तरी वाचावी. तर्जनी पूर्ण गेली तर कमाईची क्षमता १४ टक्क्यांनी घटली असं धरतात. मधलं बोट १२ टक्के. अंगठा ३० टक्के. एका हाताची चारही बोटं गेली, तर ५० टक्के. प्रेस चालवणाऱ्याचं कसब ज्या बोटांत आहे, त्यांचा हा दर आहे. मला तो कमी वाटतो.

पण त्याच कायद्यातली एक गोष्ट प्रत्येक कामगाराला माहीत हवी. नुसता हलगर्जीपणा हे भरपाई नाकारायचं कारण होऊ शकत नाही. दारू प्यायलेला असणं, सुरक्षेचा नियम जाणूनबुजून मोडणं, गार्ड, म्हणजे संरक्षक जाळी, मुद्दाम काढून टाकणं, असं काही मालकानं सिद्ध करावं लागतं. मृत्यू झाला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं, तर तेही कारण चालत नाही. मुळात गार्ड नव्हताच, तर कामगारानं काढला कुठून?

महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्यांना ईएसआयचं, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचं, संरक्षण आहे. कामावरच्या अपघातासाठी ते पहिल्या दिवसापासून लागू होतं, आणि कायमच्या अपंगत्वाला आयुष्यभर मासिक लाभ मिळतो. अडचण नोंदणीची आहे. ठेकेदाराकडच्या माणसाची नोंदणी कधीकधी अपघात झाल्यावर होते.

आणखी एक काळजी. विजेवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्या १० कामगारांवरून २० वर गेली आहे. संहितेतली मालकाची सर्वसाधारण कर्तव्यं १० कामगारांपासून लागू आहेत, पण कारखान्यांसाठीचे खास नियम १२-१५ माणसांच्या शेडला लागू होत नाहीत. जुन्या की-क्लचच्या प्रेस अशा छोट्या शेडमध्येही चालतात.

[दृश्य: शिफ्ट सुटताना गेटवरची गर्दी.]

जिवाला धोका दिसला तर कामगार मालकाला आणि त्याच वेळी सरकारी निरीक्षकालाही कळवू शकतो. हा हक्क संहितेत लिहिलेला आहे. उद्यापासून येऊ नको, असं ज्याला सहज सांगता येतं, तो कंत्राटी मुलगा हा हक्क एकट्यानं वापरेल अशी अपेक्षा मी करणार नाही. ते काम सुरक्षा समितीचं, युनियनचं आणि औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचं आहे.

अपघात झालाच, तर मालकाला अपघाताचा अहवाल द्यावा लागतो. जखमीच्या घरच्यांनी त्याची प्रत मागावी आणि नीट वाचावी: कोणतं मशीन, कोणती वेळ, आणि जाळी होती की नव्हती.