आधी 'सासवड' म्हणून बघा

(ज्येष्ठ नागरिक संघाच्या मासिक सभेतलं बोलणं, थोडं आवरून सावरून)

मंडळी, फळ्यावर विषय लिहिलाय 'कवळी : निवड, माप आणि निगा'. तिन्ही सांगतो, घाबरू नका. मी काही डॉक्टर नाही. एसटीत कंट्रोलर होतो, आयुष्यभर स्टँडवर माईकसमोर बसून गाड्या पुकारल्या. सासवड, जेजुरी, शिरवळ, सातारा. आता बघा, या गावांत स आणि श किती भरलेत ते. यावरच सगळं रामायण आहे.

हात वर करू नका, पण इथे निम्म्या लोकांच्या तोंडात कवळी आहे आणि उरलेल्यांच्या डबीत, हे मला माहितीये. (हशा) हसलात ना, कोणाची खालची उडाली ते पण दिसलं मला.

तर माझी पहिली कवळी. शेवटचे दात काढले, दीड-दोन महिने हिरड्या भरायला दिले, इथवर सगळं रीतसर. मग ज्या दवाखान्यात गेलो तिथे फार घाई. डॉक्टरांना पण आणि खरं सांगायचं तर मला पण, कारण पुतण्याचा साखरपुडा तोंडावर आलेला. ट्रायलच्या दिवशी मेणावर दात लावलेली कवळी तोंडात घातली, हातात आरसा दिला, विचारलं 'बरं वाटतंय ना काका?' मी मान डोलावली. रंग कुठला, तर म्हटलं सगळ्यात पांढरा द्या, पैसे मोजतोय तर दिसू देत. संपलं, दोन मिनिटांत ट्रायल.

साखरपुड्याला भावाने माईक हातात दिला, म्हणे दादा तुमचा आवाज चांगला, पाहुण्यांची नावं तुम्हीच घ्या. व्याह्यांचं गाव नेमकं सासवड. मी 'सासवडचे' म्हटलं आणि अशी शिट्टी वाजली की मांडवातली पोरं मागे वळून बघायला लागली. त्यात आणखी एक, कवळीची उंची जास्त झालेली, म्हणजे वरचे नि खालचे दात बोलताना एकमेकांवर आपटायचे, टक टक, दर वाक्याला डबल बेल! एसटीत डबल बेल म्हणजे गाडी सोडा, इथे गाडी काही हलेना. ही म्हणाली, 'अहो, बोलू नका, नुसतं हसा.' हसलो तर बाथरूमच्या टाइल्स. फोटो आहेत अजून, दाखवत नाही.

परत दवाखान्यात गेलो तर उत्तर काय, 'सवय होईल काका.' आता हे अर्धं खरं आहे हं, नव्या कवळीची सवय व्हायला काही आठवडे जातातच, तोंडाला पाणी सुटतं, जीभ अडखळते. पण डबल बेलची सवय होत नाही. आठ महिने ती कवळी खिशात फिरवली मी. जेवताना काढायची आणि फोटोला लावायची. दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, हत्तीचं ठीक आहे, पण माझे खायचे नव्हतेच ना!

दुसरी वेळ डेंटल कॉलेजात. तिथे शिकणारी एक मुलगी होती, माझ्या नातीएवढी. पाच खेपा घालायला लावल्या तिने मला, पण काय काम! आधी साधं माप, मग त्यावरून फक्त माझ्या जबड्याचा असा खास ट्रे बनवला. त्याच्या कडेला हिरवी कांडी तापवून मऊ करून लावायची आणि तोंडात घालून म्हणायची 'काका गाल आत ओढा, जीभ बाहेर काढा, आ करा', म्हणजे गाल-जीभ हलली तरी कड कुठे टोचणार नाही नि हवा आत शिरणार नाही, ते ठरतं. वरची कवळी टाळू झाकते आणि लाळेच्या पातळ थरावर, कडा बंद असतील तर, चिकटून बसते. खालचीला ती सोय नाही. ती घोड्याच्या नालासारखी, मधे जीभ वळवळतेय, आणि खालचं हाड वरच्यापेक्षा साधारण चौपट झिजतं. म्हणून खालचीबद्दल तक्रार करताना डॉक्टरला थोडी सूट द्या. शेवटच्या मापाला लवंगेच्या वासाची पेस्ट, मला तर मसालेभाताची आठवण आली.

मग मेणाचे कठडे, म्हणजे दातांच्या जागी नुसती मेणाची भिंत. नाकावर एक ठिपका, हनुवटीवर एक, मला 'म म म' म्हणायला लावलं, ओठ सैल सोडायला लावले आणि पट्टीने मोजलं. तोंड नुसतं मिटून आरामात असताना वरच्या खालच्या दातांत दोन ते चार मिलिमीटर फट राहायला हवी. ती फट पहिल्या कवळीत खाल्ली गेली होती, कळलं का डबल बेलचं कारण!

ट्रायलच्या दिवशी ती म्हणाली, साठ ते सत्तर आकडे म्हणा. मी म्हटलं बाई, मी माझं म्हणतो. उभा राहिलो आणि पुकारलं, 'सासवड जेजुरी मार्गे जाणारी गाडी फलाट क्रमांक सहावर लागलेली आहे!' अख्खा वॉर्ड वळला. बारीक शिट्टी होती. तिने चिमटीएवढं मेण गरम करून समोरचे दोन दात किंचित मागे घेतले, परत पुकारलं, शिट्टी गेली. मेण आहे तोवर दात हलवता येतात हो, एकदा मेणाच्या जागी ॲक्रिलिक, म्हणजे कवळीचं प्लास्टिक, शिजलं की नुसतं घासणं उरतं. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, ट्रायलला आरशात हसू नका, बोला. भजन म्हणणाऱ्याने अभंग म्हणावा, मास्तरांनी पाढे. घरचं एक स्पष्टवक्तं माणूस न्या, दात दिसणारा जुना फोटो न्या, रंग खिडकीच्या उजेडात बघा, आणि या वयात थोडा पिवळसरच खरा दिसतो.

काय? चिठ्ठी आली, पाच मिनिटं. अरे, निगा राहिलीच सगळी.

पटापट घ्या. रात्री काढायची, हिरड्यांना विश्रांती, नाहीतर टाळूला लाली येते, बुरशी धरते. काढली की पाण्यात, कोरडी ठेवायची नाही. उकळतं पाणी अजिबात नाही, वाकडी होते. टूथपेस्ट नको, खरखरीत असते, चरे पडतात. साबण नि मऊ ब्रश. बेसिनमध्ये पाणी भरून किंवा टॉवेल अंथरून त्यावर घासायची, हातातून निसटली तर फरशीवर दोन तुकडे. तुटली तर घरी झटपट गमने चिकटवू नका आणि कुठे टोचलं तर कानस घेऊन बसू नका. डॉक्टरकडे जायच्या आदल्या दिवशी घालून ठेवा म्हणजे लाल झालेली जागा दिसते. काही वर्षांनी ढिली होणारच, हाड झिजतं, आतून अस्तर बदलून मिळतं. चिकटवायची पावडर चिमूटभर, ढिल्या कवळीवर ओतत बसायचं औषध नाही ते. खालची अगदीच थांबत नसेल तर हाडात दोन इम्प्लांट, म्हणजे स्क्रूसारखे खुंट, बसवून त्यावर बटणासारखी अडकवतात, खर्च आहे. आणि दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांना राष्ट्रीय वयोश्री योजनेत, 2017 पासूनची आहे, काठी चष्म्यासोबत कवळी पण येते, ओळखीत कोणी असेल तर सांगा.

आणि लग्नात जेवताना काढून पेपर नॅपकिनमध्ये गुंडाळू नका, पत्रावळीबरोबर जाते. माझी पहिली तशीच गेली. मी शोधली नाही.